काखेतल्या काळेपणावर ॲसिड: पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

काखेतला काळेपणा घालवायचा तर ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर लावा, हा सल्ला आता सगळीकडे ऐकू येतो. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे, आणि न सांगितलेल्या अर्ध्या भागापायीच अनेकांच्या काखा भाजतात. काखेची त्वचा काळी पडते ती बहुतेक वेळा सततच्या त्रासामुळे: रोज फिरवलेला रेझर, सुगंधी डिओ, अडकून राहिलेला घाम, काचणारी बाही, लूफाने घासघास. असा त्रास चालू राहिला की त्वचा जाड होते आणि जास्तीचं मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) बनवायला लागते. आता त्याच त्वचेवर जास्त टक्क्यांचं ॲसिड रोज चोपडलं तर तो नवा त्रास झाला. महिन्याभराने काख आधीपेक्षा गडद दिसते आणि माणूस म्हणतो, ॲसिड माझ्यावर चालत नाही. म्हणून या लेखात सगळा भर हळू जाण्यावर आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. काख दंडापेक्षा एखाद-दोन छटांनी गडद असणं अगदी स्वाभाविक आहे. घडीतली त्वचा तशीच असते. जाहिरातीतली काख बहुतेक वेळा फोटोवर हात फिरवून गुळगुळीत केलेली असते, तिच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. ॲसिडने वरचा, नंतर आलेला काळेपणा कमी होतो. मूळ रंग बदलत नाही, आणि तो बदलायच्या मागे लागूही नये.

आधी काळेपणा कशाचा आहे ते बघा

बाटली विकत घेण्याआधी पाच मिनिटं आरशासमोर काढा. दिवसाच्या उजेडात, एक हात डोक्यामागे घेऊन, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी काखेतली त्वचा हलकीशी ताणा आणि जवळून बघा.

ताणल्यावर काळेपणा बारीक ठिपक्यांत विभागलेला दिसला, तर ते केस आहेत. रेझरने केस त्वचेच्या पातळीवर कापला जातो, खालचा भाग तसाच राहतो आणि त्याची सावली वर दिसते. केस जाड आणि त्वचा फिकट असेल तर ही सावली करडी-निळसर वाटते. यावर कोणतंही ॲसिड काही करू शकत नाही. वॅक्सिंग किंवा लेझरने केस मुळातून गेले की ही सावलीही जाते. कितीतरी जण ज्याला काळी काख म्हणतात ती निम्मी ही सावलीच असते, हे आधी कळलं तर वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात.

ताणूनही सपाट, तपकिरी, कडेला हळूहळू विरत जाणारा रंग दिसला, स्पर्श साधाच लागला किंवा जरासा खरखरीत लागला, तर तो त्रासातून आलेला काळेपणा असण्याची शक्यता जास्त. ॲसिडचं खरं काम इथे आहे. त्यातही रंग तपकिरी असेल तर मेलॅनिन वरच्या थरात आहे, त्याला उतार पडतो. राखाडी-निळसर झाक असेल तर ते खोलवर उतरलेलं असतं आणि तिथपर्यंत घरगुती ॲसिड पोचत नाही.

काळेपणा नेमका कुठे आहे तेही बघा. काखेच्या खोलगट मध्यभागी जास्त असेल तर संशय डिओवर घ्या, कारण तो तिथेच बसतो. मध्यभाग बरा आणि कडेने, बाहीची शिवण घासते तिथे पट्टा असेल, तर कपड्याचं कापड, रंग किंवा माप तपासा. त्वचारोगतज्ज्ञही हीच खूण बघतात.

काही ठिकाणी मात्र ॲसिडला हातच लावायचा नाही. त्वचा मखमलीसारखी जाड झाली आहे, आडव्या रेघा उठून दिसतात आणि तसाच काळेपणा मानेच्या मागे किंवा जांघेतही आहे, तर हा अकॅन्थोसिस निग्रिकन्स असू शकतो. याचं मूळ बऱ्याचदा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही यात असतं. वाढलेलं वजन, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड), टाइप २ मधुमेह यांच्यासोबत तो दिसतो. इथे टोनरआधी रक्तातली साखर तपासायला हवी. मूळ कारणावर इलाज झाला की त्वचा आपोआप निवळायला लागते. मोठ्या वयात हा बदल अचानक, झपाट्याने आला आणि सोबत वजन कारण नसताना घटत असेल तर डॉक्टरांकडे जायला अजिबात उशीर करू नका, क्वचित त्यामागे पोटातला कर्करोग असू शकतो.

लालसर-तपकिरी डाग, कडा स्पष्ट आखलेली आणि वर बारीक कोंड्यासारखे पापुद्रे असतील तर ते एरिथ्राझ्मा असू शकतं. हा कॉरिनेबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंचा संसर्ग. डॉक्टर वुड्स लॅम्पचा (अतिनील किरणांचा खास दिवा) प्रकाश टाकतात तेव्हा तो भाग पोवळ्यासारखा लालसर चमकतो, आणि निदान तिथेच होतं. उपचार अँटिबायोटिकचा आहे, एक्सफोलिएशनचा, म्हणजे मृत पेशी काढण्याचा नाही. खाज सुटणारी, कडेने उंचावलेली चकती म्हणजे बुरशीचा संशय. वारंवार येणाऱ्या दुखऱ्या गाठी, त्यातून पू, मागे राहणारे व्रण, हे हायड्राडेनायटिसचं लक्षण असू शकतं. यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिले दोन आठवडे: फक्त त्रास थांबवायचा

हा टप्पा सगळ्यांना वगळावासा वाटतो, कारण यात लावायला नवीन काही नसतं. पण माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

सुगंध असलेला डिओ बंद करा. डिओमुळे काखेला होणाऱ्या ॲलर्जीत सुगंधी द्रव्यं हे एक मोठं कारण आहे. बेकिंग सोडा असलेले 'नॅचरल' डिओही टाळा. सोडा अल्कधर्मी असतो आणि काखेत कित्येकांना चावतो. स्क्रब, लूफा, प्युमिस दगड काखेपासून लांब. लिंबू चोळणं बंद. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ च्या आसपास असतो, त्याचं प्रमाण तुमच्या हातात नसतं, आणि लावून उन्हात गेलात तर त्यातल्या फ्युरोकूमरिन या द्रव्यांमुळे भाजल्यासारखे डाग उठू शकतात. काळेपणा घालवायला लावलेलं लिंबू काळेपणा देऊन जातं. सोड्याची पेस्टही त्याच रांगेत.

आंघोळीला सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर वापरा, आंघोळीनंतर टॉवेलने काख टिपून कोरडी करा आणि रात्री एखादं साधं सेरामाइडचं मॉइश्चरायझर पातळ लावा. कपडे जरा सैल. दोन आठवड्यांनी काखेचा खरखरीतपणा कमी झालेला दिसतो, काहींचा रंगही थोडा उतरतो. आणि जी त्वचा आता ॲसिड झेलणार आहे, ती शांत झालेली असते.

कोणतं ॲसिड घ्यायचं

ॲसिड काखेत नेमकं काय करतं? त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या बारीक सांध्यांनी धरून असतात. अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड, म्हणजे एएचए, हे सांधे सैल करतं. मेलॅनिनने भरलेल्या जुन्या पेशी लवकर गळतात आणि खालच्या फिकट पेशी वर येतात. एवढंच. ॲसिड त्वचेला ब्लीच करत नाही.

ग्लायकोलिक सगळ्यात प्रसिद्ध. त्याचा रेणू या कुटुंबात सगळ्यात लहान (रेणुभार ७६), त्यामुळे तो पटकन आत शिरतो. परिणामही लवकर आणि झोंबणंही जास्त. लॅक्टिक (रेणुभार ९०) त्याच्या मानाने सौम्य आणि त्वचेत ओलावा धरून ठेवायलाही मदत करतं. मँडेलिकचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट (१५२), आत सावकाश जातो. गडद वर्णाच्या आणि लवकर डाग पडणाऱ्या त्वचेला मी नवख्यांसाठी मँडेलिक किंवा लॅक्टिकच सुचवेन, ग्लायकोलिकचा कितीही बोलबाला असला तरी. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, केसांच्या छिद्रात उतरतं, त्यामुळे काळेपणासोबत आत वाढलेले केस आणि छोट्या पुळ्या असतील तर ते उपयोगी. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते घेऊ नये. अगदीच नाजूक त्वचा असेल तर ग्लुकोनोलॅक्टोनसारखं पीएचए, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सी ॲसिड बघा, ते एएचएपेक्षा सौम्य असतं.

अझेलिक ॲसिडचं नाव वेगळं घ्यायला हवं. ते मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमलाच आवरतं, म्हणजे पेशी गाळण्याऐवजी रंग बनण्याच्या जागी काम करतं. १० टक्क्यांपासून मिळतं, सुरुवातीला खाज येते, ती सहसा काही दिवसांत ओसरते. गरोदरपणात जे थोडे पर्याय सुरक्षित मानले जातात त्यात याचा नंबर वर आहे. तरी गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

आता टक्के. ग्लायकोलिक ५ ते ७, लॅक्टिक ५ ते १०, मँडेलिक ५ ते १०, सॅलिसिलिक अर्धा ते २ टक्के. पहिल्या बाटलीसाठी याच्या पुढे जाऊ नका. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडिएंट रिव्ह्यू या तज्ज्ञांच्या समितीने १९९८ मध्ये घरगुती वापराच्या ग्लायकोलिक आणि लॅक्टिक उत्पादनांसाठी कमाल १० टक्के आणि किमान ३.५ पीएच अशी मर्यादा सांगितली आहे. ती ध्यानात ठेवा.

कारण नुसत्या टक्क्यांवरून ताकद कळत नाही. ॲसिडचा जो भाग 'मोकळा' असतो तोच आत शिरून काम करतो, आणि तो किती हे पीएच ठरवतं. ग्लायकोलिकचा पीएच ३.८ असेल तर साधारण निम्मं मोकळं असतं. पीएच ३ केला की जवळपास ८७ टक्के मोकळं होतं. पीएच ५ असेल तर जेमतेम ६ टक्के. म्हणजे बाटलीवर १० टक्के लिहिलेलं, पण पीएच ५ असलेलं लोशन प्रत्यक्षात फारसं काही करत नाही, आणि ७ टक्क्यांचा, पीएच ३ चा टोनर त्याच्या कैक पट तिखट असतो. बाटलीवर किंवा कंपनीच्या साइटवर पीएच दिलेला असेल तर ३.५ ते ४ मधलं उत्पादन निवडा. पीएच कुठेच दिलेला नसेल तर कमी टक्क्यांचं घ्या.

'पील' असं लिहिलेल्या २०, ३० टक्क्यांच्या बाटल्या घरी काखेत वापरायच्या नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न आणि औषध नियामक संस्था) २०२४ मध्ये जास्त तीव्रतेचे केमिकल पील देखरेखीशिवाय घरी वापरू नका, असा इशाराच दिला होता, कारण त्याने त्वचा भाजते आणि कायमचे व्रण राहू शकतात. चेहऱ्यावरही जे जोखमीचं, ते काखेत जास्तच. काखेची त्वचा पातळ आणि घडीची. हात खाली केला की दोन्ही बाजू एकमेकींवर मिटतात, वर घामाचा ओलावा. अशा झाकलेल्या, ओल्या जागी कोणतंही औषध उघड्या त्वचेपेक्षा जास्त आत शिरतं. चेहऱ्याला रोज चालणारा टोनर काखेला न झेपण्याचं कारण हेच.

बाटलीतले बाकीचे घटकही वाचा. वर अल्कोहोल डिनॅट, सुगंध, मेंथॉल दिसलं तर ती बाटली परत फळीवर.

पॅच टेस्ट

हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खोलगटात, नाण्याएवढ्या जागी आठवडाभर रोज थोडं लावा. लाली, खाज, पुरळ काही नसेल तर काखेच्या कडेला, दंडाच्या बाजूला, तेवढ्याच जागी एकदा लावून दोन दिवस थांबा. हाताने पास केलेलं उत्पादन काखेत नापास होऊ शकतं, म्हणून ही दुसरी पायरी.

पहिली रात्र

दिवस असा निवडा की आदल्या दोन दिवसांत काखेत रेझर फिरलेला नाही आणि दुसऱ्या दिवशी पोहायला जायचं नाही. वेळ रात्रीची, झोपण्याच्या तासभर आधी.

काख कोमट पाण्याने आणि सौम्य क्लेन्झरने धुवा. दिवसभराच्या डिओचा थर निघायला हवा, नाहीतर ॲसिड त्याच्यावरच बसतं. टिपून कोरडी करा आणि मग दहा-पंधरा मिनिटं काहीच करू नका. ओल्या त्वचेवर ॲसिड जास्त चावतं, आणि काख वरून कोरडी वाटली तरी घडीत ओल राहते. घाई असेल तर पंख्याखाली हात वर करून बसा.

काखेच्या बाहेरच्या कडेला किंवा घडीच्या खोल टोकाला ओरखडा, फुटलेली पुळी, चिरलेली त्वचा असेल तर तिथे व्हॅसलीनचा बारीक ठिपका लावून ती जागा झाका. जखम मोठी असेल तर आजचा बेतच रद्द.

आता टोनर. बाटली थेट काखेवर ओतू नका, ओघळ बरगडीवर जातात आणि तिथे पट्टे उठतात. स्प्रेही पहिल्यांदा नको, किती पडलं ते कळत नाही. तळहातावर चार-पाच थेंब घ्या, बोटांच्या टोकांनी काखेच्या मध्यापासून बाहेर हलके थोपटत पसरवा. कापसाच्या पॅडने पुसलं तर घर्षण होतं आणि निम्मं ॲसिड कापूसच पितो. थर इतका पातळ हवा की मिनिटभरात दिसेनासा व्हावा. खोल घडीत थेंब साठलेला दिसला तर टिशूने टिपून घ्या, भाजण्याची सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

हात वर ठेवा, किंवा कमरेवर हात ठेवून कोपर बाहेर काढा, म्हणजे काख मिटणार नाही. पाच मिनिटं. मग पाण्याने धुऊन टाका.

हो, पहिल्या दोन-तीन वेळा धुवायचंच, बाटलीवर 'धुऊ नये' लिहिलं असलं तरी. थोड्या वेळाचा हा संपर्क म्हणजे त्वचेला ओळख करून देणं. किंचित चुरचुरणं, मुंग्या आल्यासारखं वाटणं ठीक आहे, ते दोन मिनिटांत कमी व्हायला हवं. वाढत गेलं, गरम वाटायला लागलं तर पाच मिनिटंही थांबू नका, लगेच धुवा.

धुतल्यावर टिपून कोरडं करा, साधं मॉइश्चरायझर पातळ लावा, सैल सुती कपडा घालून झोपा. त्या रात्री डिओ, अँटिपर्स्पिरंट, पावडर काही नाही.

पुढचं वेळापत्रक

पहिले दोन आठवडे आठवड्यातून एकदाच, पाच मिनिटांनी धुऊन. काही त्रास नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन रात्री मोकळ्या ठेवून, आणि संपर्काचा वेळ दहा मिनिटं. पाचव्या आठवड्यापासून, त्वचा शांत असेल तर, न धुता रात्रभर ठेवून बघा. आठवड्यातून तीनदा ही वरची हद्द समजा. रोज लावणारे लोक आहेत आणि काहींना ते चालतंही, पण काळेपणासाठी वापरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. तिसऱ्या वेळेपेक्षा जास्त लावून मिळणारा फायदा थोडका असतो, त्रासाची शक्यता मात्र बरीच वाढते.

मोकळ्या रात्री नायसिनामाइड असलेलं मॉइश्चरायझर लावलं तर चांगलं. मेलॅनिन बनल्यानंतर ते वरच्या पेशींपर्यंत पोचतं, त्या वाटेवर नायसिनामाइड अडथळा आणतं, आणि त्वचेचा संरक्षक थरही भरून निघतो. रेटिनॉल, बेन्झॉइल पेरॉक्साइड, दुसरं कुठलं ॲसिड हे एकाच वेळी काखेत सुरू करू नका. एका वेळी एकच ॲक्टिव्ह. नाहीतर त्रास झाला तर कशाने झाला हे कळायला मार्ग उरत नाही.

केस काढणं आणि ॲसिड

घोटाळा सगळ्यात जास्त इथे होतो. रेझर केसासोबत त्वचेचा वरचा थरही थोडा खरवडतो. त्यावर लगेच ॲसिड म्हणजे उघड्या त्वचेवर ॲसिड. रेझरनंतर किमान २४ तास, शक्यतो ४८. वॅक्सिंग, एपिलेटर किंवा केस काढायचं क्रीम वापरलं तर किमान तीन दिवस आणि लाली पूर्ण जाईपर्यंत. उलट दिशेनेही तेच: वॅक्स करायचं असेल तर चार-पाच दिवस आधी ॲसिड थांबवा, नाहीतर सैल झालेली कातडी पट्टीसोबत निघू शकते. लेझर चालू असेल तर आठवडाभर आधी बंद करा आणि तिथल्या तज्ज्ञांना आपण ॲसिड वापरतो हे सांगा.

सोपा उपाय म्हणजे वार ठरवून टाकणं. शनिवारी सकाळी रेझर, सोमवारी आणि गुरुवारी रात्री ॲसिड. एवढं ठरलं की डोकं लावावं लागत नाही.

रेझरचं पातंही बघा. बोथट पात्याने एकाच जागी चारदा फिरवावं लागतं. नवं पातं, जेल लावून, केसांच्या दिशेने. काखेत केस वेगवेगळ्या दिशांना वाढतात, म्हणून हात वेगवेगळ्या कोनात उचलावा लागतो. रेझरचा त्रास थांबत नसेल तर ट्रिमरने केस बारीक ठेवा. त्वचा तासली जात नाही, आणि काळेपणा उतरेपर्यंत तरी ही तडजोड परवडते.

डिओचं काय

ॲसिड लावणाऱ्या बऱ्याच जणांना एक जास्तीचा फायदा जाणवतो: वास कमी होतो. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. काखेतले जिवाणू घामातल्या द्रव्यांचं विघटन करतात तेव्हा वास तयार होतो. काखेचा पीएच बाकी त्वचेपेक्षा थोडा जास्त असतो आणि त्या जिवाणूंना तो मानवतो. ॲसिडने पीएच खाली आला की त्यांची वाढ मंदावते. मात्र घाम तेवढाच येतो. ॲसिड घाम थांबवत नाही, आणि नुसत्या वासासाठी ते रोज सकाळी लावायची सवय लावून घेऊ नका.

घाम कमी करायला अँटिपर्स्पिरंट लागतं. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घर्मरंध्रांच्या तोंडाशी बूच तयार करतात. ते रात्री कोरड्या काखेत लावलं तर जास्त चालतं, त्यामुळे ॲसिडच्या रात्री ॲसिड आणि बाकीच्या रात्री अँटिपर्स्पिरंट अशी वाटणी करा. दोन्ही एकाच रात्री लावू नका. ॲसिडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काख धुऊन बिनसुगंधी डिओ लावायला हरकत नाही. चावला तर त्या दिवशी लावू नका.

ऊन

एएचए वापरताना त्वचा उन्हाला हळवी होते. एफडीएच्या माहितीनुसार चार आठवड्यांच्या वापरानंतर अतिनील किरणांनी त्वचा लाल होण्याचं प्रमाण सरासरी १८ टक्क्यांनी वाढलं, आणि वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ते पूर्ववत झालं. काख बहुतेक वेळ सावलीतच असते, तेव्हा रोज सनस्क्रीन लावायची गरज नाही. बिनबाहीचे कपडे घालून बाहेर राहायचं असेल, पोहायचं असेल तर एसपीएफ ३० चं लावा.

जास्त झालं हे कसं ओळखायचं

गोऱ्या त्वचेवर लाली दिसते. सावळ्या आणि गडद त्वचेवर ती बऱ्याचदा दिसतच नाही, जागा जांभळट किंवा आणखी तपकिरी दिसते, त्यामुळे लोक पुढे लावत राहतात. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवा. काख गरम लागते का? साधं पाणी किंवा रोजचं मॉइश्चरायझर झोंबतं का? त्वचा ताणलेली, प्लॅस्टिकसारखी चकचकीत दिसते का? शेवटचं लक्षण फसवं आहे, चकाकी बघून फरक पडतोय असं वाटतं, प्रत्यक्षात संरक्षक थर निघून गेलेला असतो.

यातलं काहीही झालं तर ॲसिड बंद. गार पाण्याने धुवा, बर्फ थेट लावू नका, व्हॅसलीनचा पातळ थर लावा, डिओ आणि रेझरलाही सुट्टी द्या. झोंबणं पूर्ण थांबल्यावर आणखी आठवडाभर थांबून पुन्हा सुरुवात करा, तीही पहिल्या पायरीपासून, पाच मिनिटं आणि धुणं. फोड आले, पाणी सुटलं, कातडी सोलून ओली जागा दिसली किंवा दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्वचा सोलल्यावर खाली गुलाबी दिसतं ते बघून खूश होऊ नका, तो गुलाबीपणा काही आठवड्यांत तपकिरी होतो.

फरक कधी दिसतो

खरखरीतपणा दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. रंगाला वेळ लागतो. त्वचेची नवी पेशी तळापासून वर येऊन गळायला महिना ते दीड महिना घेते, आणि असे किमान दोन फेरे व्हावे लागतात. म्हणून आठ ते बारा आठवड्यांआधी निकाल लावू नका. सुरुवातीला एक फोटो काढा, आणि मग दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फ्लॅश बंद ठेवून. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही.

मनासारखा उतार पडला की आठवड्यातून एकदा लावणं पुरे. पूर्ण थांबवलं तरी चालतं, मात्र जुना डिओ आणि बोथट रेझर परत आले तर काळेपणाही परत येईल.

बारा आठवडे नीट वापरूनही काहीच बदल नसेल तर जास्त टक्क्यांच्या बाटलीकडे जाऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांच्याकडे रेटिनॉइड क्रीम आहेत, देखरेखीखालचे पील आहेत, लेझर आहे, आणि मुख्य म्हणजे निदान आहे. मधल्या काळात कुणी 'काळेपणावर हमखास' म्हणून एखादी ट्यूब दिली तर मागचे घटक वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण असलेली क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काखेत लावली जातात. घडीत स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, त्वचा पातळ होते आणि स्ट्रेच मार्क्ससारखे पट्टे उठतात, आणि ते पट्टे पूर्णपणे जात नाहीत. घटकच छापलेले नसतील तर ती ट्यूब उघडूच नका, काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडलेला आहे.